सारिकाचे तीन फाउल

मी, राजेंद्र सखाराम ओव्हाळ, वय वर्षे अडुसष्ट, कारखान्यात हजेरी मांडणारा निवृत्त टाइमकीपर, राहणार वडगाव मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी हृदयाबद्दल जे सांगितले ते ऐकून लिहायला बसलो हे खरे, पण डोके शाबूत आहे. कालच कट्ट्यावर पाऊण तास वाद घातला आणि जिंकलो. याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. वडगावचे दोन खोल्यांचे घर माझी एकुलती एक मुलगी मानसी हिला मिळावे. पत्नी चंपा तीन वर्षांपूर्वी गेली, त्यामुळे दुसरा वारस नाही. मानसीने घर विकले तरी माझी हरकत नाही. विकण्याआधी मोरीचा नळ तेवढा बदलावा, चंपा पंधरा वर्षे मला तेच सांगत होती.

कलम २. बँकेतली ठेवही मानसीची. त्यातून विहारातल्या वाचनालयाला एक लोखंडी कपाट करून द्यावे आणि माझी पुस्तके त्यात लावावीत. कपाटावर माझे नाव घालू नये. का, ते कलम ५ वाचल्यावर कळेल.

कलम ३. कट्ट्यावरचे माझे निळे स्टूल शेजारी श्री. अतुल ढोरे यांना द्यावे. मी पाणी प्यायला उठलो की ते त्यावर बसतात आणि मी परत आलो की दिसत नसल्यासारखे करतात. आता निवांत बसा म्हणावे.

कलम ४. मागच्या अंगणातला खांब, फळी आणि बास्केटची रिंग श्री. बजरंग शेळके, राहणार उर्से, यांना द्यावी. खांब मानसीसाठी रोवला होता. ती दोन महिने खेळली, मग त्यावर दोरी बांधून आम्ही कपडे वाळत घातले. बजरंग आपल्या खळ्यावर गावातल्या मुलींना फुकट बास्केटबॉल शिकवतो. सध्या चारच मुली येतात. जास्त का येत नाहीत, त्याचे कारण मी आहे.

कलम ५. हे कलम मालमत्तेचे नाही, पण वकिलांनी लिहायला हरकत नाही म्हटले.

बजरंग फौजेत बास्केटबॉल शिकला. निवृत्त होऊन आला तेव्हा तळेगावच्या आमच्या कारखान्याने कामावरच्या मुलींचा संघ काढला होता, त्यावर त्याला पगारी प्रशिक्षक नेमले. हजेरीत माझी चूक होत नाही अशी ख्याती, म्हणून संघाची वही माझ्याकडे आली. बाकाच्या टोकाला बसून मी प्रत्येकीचे गुण आणि फाउल लिहायचो. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, म्हणून बजरंग मधूनमधून विचारायचा आणि मी आकडा सांगायचो. तो पंचांच्या टेबलाकडे बघत नसे, माझ्याकडे बघत असे.

माझे दुसरे काम मला कोणी दिलेले नव्हते. बजरंगला खेळाडू कसे वापरता येत नाहीत, हे मी भेटेल त्याला समजावून सांगायचो. बारा मुली घेऊन फिरतो आणि सहाच खेळवतो. दमलेलीला बाहेर काढत नाही. टाइमआउट शेवटापर्यंत साठवून ठेवतो, जणू घरी न्यायचे आहेत. मी स्वतः आयुष्यात एकदाही रिंगमध्ये चेंडू टाकलेला नाही, हेही इथे नोंदवतो.

सन २०१३, लोणावळा, अंतिम सामना. आम्ही नऊ गुणांनी पुढे, आठ मिनिटे बाकी. आमची सगळी भिस्त सारिकावर. मी बाकावरून मागे वळून, सामना बघायला आलेल्या अतुलशी वाद घालत होतो, की बजरंग रुपालीला अजून आत का ठेवतो, ती जागची हलत नाही. तेवढ्यात शिट्टी वाजली. वळून बघतो तर रिंगखाली दोघी उभ्या, आणि सारिकाचा हात वर. फाउल करणारी हात वर करते, म्हणून मी सारिकाच्या नावापुढे फाउल लिहिला. तो रुपालीचा होता. सारिकाने हात चेंडू मागायला वर केला होता. तीस वर्षे नोकरी केलेल्या टाइमकीपरने माणूस न बघता हजेरी मांडली.

बजरंगने विचारले, "सारिकाचे किती?"

"चार."

त्याने तिला बाहेर बोलावले. ती म्हणाली, "सर, माझे तीनच झालेत. चार न्हाई ओ."

"वही चार म्हणतीया. बस खाली. शेवटच्या दोन मिन्टांला घालतो तुला."

वही म्हणत होती म्हणजे मी म्हणत होतो. शेवटची दोन मिनिटे आली तेव्हा आम्ही अकरा गुणांनी मागे होतो. सारिकाने एकटीने सात काढले. चार गुणांनी हरलो. जिंकलात तर कंत्राटी मुलींना कायम करू, असा कारखान्याच्या साहेबांचा शब्द होता. कोणीच कायम झाली नाही. पुढच्या वर्षी संघ बंद झाला आणि बजरंगचे कामही गेले. सारिका आज नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात पॅकिंगमध्ये आहे, अजून कंत्राटावरच.

सामन्यानंतर पंचांनी अधिकृत शीटची प्रत माझ्या हातात दिली. त्यावर सारिकाचे तीन फाउल होते. मी ती घडी करून खिशात घातली. परतताना गाडीत बजरंग शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "राजू, खरं सांग. तीन का चार?"

मी म्हणालो, "चार."

वहीतली चूक घाईत झाली, तिचे मला एवढे वाटत नाही. गाडीतले "चार" मी विचार करून बोललो. त्याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर गावभर झाले, की रुपाली साहेबांची भाची म्हणून बजरंगने सारिकाला बसवले. ही अफवा मी उठवली नाही. मी फक्त दर रविवारी कट्ट्यावर "त्याला खेळाडू वापरताच येत नव्हते" हे वाक्य पुरवले. बजरंग समोर चहा पीत ऐकायचा. एकदाही म्हणाला नाही, की आकडा राजूने दिला होता. सारिका त्याला बघून रस्ता बदलते. उर्सेतल्या बाया म्हणतात, "पोरी राबवून घेतो आन् ऐन वक्ताला बसवतो."

म्हणून शपथेवर लिहितो. बजरंगला खेळाडू वापरता येत होते. जागेवरून न हलणाऱ्या रुपालीला त्याने रिंगखाली नुसते उभे राहायला शिकवले आणि तिला ओलांडून कोणी आत येईना. सारिका डाव्या बाजूला वळून जास्त अचूक टाकते, हे तिच्याआधी त्याला कळले. तो ओरडायचा फार, टाइमआउटचेही माझे म्हणणे मी मागे घेत नाही. पण त्या दिवशी त्याला जो आकडा मिळाला, त्यावर कोणत्याही शहाण्या प्रशिक्षकाने तेच केले असते.

घर रंगवताना चंपाला ट्रंकेत ती शीट सापडली. सगळे ऐकून म्हणाली, "आजच सांगून या त्यांना." मी चपला घातल्या, कट्ट्यावर गेलो, चहा प्यायलो, परत आलो. तिने विचारले, "सांगितलं?" मी हो म्हणालो. ती जाईपर्यंत मला चांगला माणूस समजत होती.

<s>कलम ६. माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या रविवारी मानसीने कलम ५ आणि ती शीट कट्ट्यावर सर्वांसमोर वाचून दाखवावी. बजरंग हजर असावा. शीट नंतर सारिकाच्या घरी पोचवावी.</s> (खोडले. रा. ओ. / ब. शे. / अ. ढो.)

दुरुस्ती, बजरंगची सही झाल्यावर लगेच लिहिलेली: साक्षीदाराने सही होताना फक्त बघायचे असते, मजकूर वाचावा लागत नाही, असे वकिलांनी सांगितले होते. त्या भरवशावर मी बजरंगला साक्षीला बोलावले. त्याची सही यावर असावी अशी इच्छा होती, पण त्याच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती. त्याने खिशातून चष्मा काढला आणि म्हणाला, "वाचल्याबिगर सही न्हाई करत म्या."

ओळीखाली बोट धरून त्याने सगळे वाचले. पाचवे कलम दोनदा वाचले. अतुल उगाच खिडकीबाहेर बघत होता. मग बजरंग म्हणाला, "बारा वर्सं झाली. रातीला डोळं मिटलं की त्योच इचार. पोरीचं ऐकाया पायजे हुतं का न्हाई."

मी माफी मागायला तोंड उघडले. त्याने हात वर केला.

"हे सहावं कलम खोड."

"का रे?"

"मेल्यावर पोरीला म्होरं करतोस व्हय? उंद्या रविवार हाय. समदी असत्यात. सारिका बी भाजीला येती. तितं तुज्या तोंडानं सांग." मी कलम खोडले, त्याने तिथे आणि शेवटी सही केली. अतुलने चहा ठेवला होता, तो न घेताच बजरंग उर्सेला गेला.

सबब कलम ६ रद्द. ते काम मी उद्या स्वतः करणार आहे. शीट ट्रंकेतून काढून शर्टाच्या खिशात ठेवली आहे. उद्या मी कट्ट्यावर जाऊन पुन्हा नुसता चहा पिऊन परत आलो, तर अतुलने हा कागद फाडून टाकावा, कारण मग लिहिणारा शुद्धीत होता असे कोणाला म्हणता येणार नाही.

लिहून देणार: राजेंद्र सखाराम ओव्हाळ (सही)

साक्षीदार १: बजरंग शेळके, उर्से (सही). संपूर्ण मजकूर वाचला.

साक्षीदार २: अतुल ढोरे, वडगाव मावळ (सही). सकाळी नऊला मी याला घेऊन जाईन.

ठिकाण: वडगाव मावळ
दिनांक: १५ फेब्रुवारी २०२५, शनिवार