मशीनमधल्या पेशंटला नातेवाईक नसतात

प्रताप नगर, जयपूर

तीर्थरूप इंदूआत्यांना विजूचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? तेल चोळता, की नुसतीच डॉक्टरला नावं ठेवता? (फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.) इकडे सगळे ठीक. तुमची नातही ठीक. जेवते, झोपते, हॉस्टेलच्या डाळीबद्दल कुरकुरते. फक्त नर्सिंग सोडायचं म्हणते आहे. लगेच उठून उभ्या राहू नका, सगळं क्रमाने सांगते. सीमेवर जाताना तुमच्या अनिरुद्धने पोरगी माझ्या ओटीत घातली, आणि पुढच्या महिन्यात तो सुट्टीवर आला की वल्लरी बॅग उचलून बापाबरोबर जाणार, असं तिने मला बजावलं आहे. मी कॉलेजात तिची शिक्षिका, घरी तिची आत्या. कुठल्या तोंडाने अनिरुद्धला सामोरी जाऊ? मला घास गोड लागत नाही. काल चहात मीठ पडलं आणि ह्यांनी तो न बोलता प्यायला, यावरून घरातलं वातावरण ओळखा.

याचं मूळ आमच्या कॉलेजातल्या नव्या व्हीआर मशीनमध्ये आहे. घाण्याच्या बैलाला बांधतात तशी झापडं डोळ्यांवर चढवायची, की आत आख्खा वॉर्ड दिसतो: खाट, सलाईन, कण्हणारा पेशंट. हातात दोन मुठी देतात, त्या हलवल्या की आतले हात हलतात. खऱ्या माणसाला हात लावण्याआधी मुलींनी इथे पोटभर चुका कराव्यात, ही कल्पना, आणि ती चांगलीच आहे. (आम्ही इंजेक्शन संत्र्यावर शिकलो. तीच मग खायचो.) पण पहिला मान शिक्षकांना मिळाला. माझ्या पेशंटला धाप लागली होती. मी आत गेले आणि सवयीने आधी गर्दी हटवायला लागले. इतकी वर्षं वॉर्डात काढली. खाटेपर्यंत पोहोचायचं म्हणजे सासू, दोन दीर, गावचा सरपंच आणि पुऱ्यांचा डबा बाजूला सारायचा, हे अंगात मुरलंय. आत कुणीच नव्हतं. बाहेर मात्र आमच्या प्राचार्या शेखावत मॅडम उभ्या होत्या, आणि माझा हात त्यांच्या चष्म्याला लागला. झापडांसकट मी चष्मा चाचपडत होते तोवर पेशंट दगावला. दुसऱ्या खेपेला मी त्याचा हात धरून धीर देत बसले. मशीनला धीर कळत नाही, त्यामुळे तोही गेला.

वल्लरीचं नाव मात्र सगळ्यांच्या वर. छावण्यांमध्ये वाढलेली पोर, हात स्थिर, घाई नाही. तिचे सगळे पेशंट वाचले. हे वळण आजीचं, असं मी वर्गात मिरवलंसुद्धा. (वर्गाने तुम्हाला पाहिलेलं नाही, म्हणून खपलं.) मग गेल्या आठवड्यात आम्ही खऱ्या वॉर्डात गेलो. खाटेवर तशाच धापेने हैराण झालेल्या एक आजीबाई आणि भोवती सांगानेरकडचं त्यांचं अख्खं खटलं. कुणी विचारतंय चहा देऊ का, कुणी पंखा वाढवा म्हणतंय, कुणी व्हिडिओ कॉलवरून गावाला पेशंट दाखवतंय. वल्लरीने ऑक्सिजनचा मास्क उचलला आणि हातात धरून तशीच उभी राहिली. शेवटी तिच्या हातातून घेऊन मी लावला. आजीबाई सावरल्या, पण ही जिन्यात जाऊन बसली ती उठेना. मला स्वच्छ दिसतं आहे, आत्या. मशीनमधल्या पेशंटला नातेवाईक नसतात, आणि गर्दीला तोंड द्यायला आम्ही तिला शिकवलंच नाही.

असो. तुमच्या कानावर असावं म्हणून लिहिलं. तुम्ही मुळीच धावपळ करू नका. इकडे ऊन फार आहे आणि तुमच्या गुडघ्याला प्रवास सोसायचा नाही.

तुमची भाची,
विजू

ता.क. ऊन तितकंसं नाही, आणि कूलर दुरुस्त करून घेतला आहे. आत्या, तुम्ही याच. शेखावत मॅडमना मी पटवलं आहे की मुली झापडं बांधून पेशंट सांभाळत असताना शेजारी एक खरी नातेवाईक बसवायची. तिने सारखं विचारायचं, उत्तर ऐकून घ्यायचं नाही, मोठ्या डॉक्टरांना बोलवा म्हणायचं आणि आमच्या गावची नर्स बरी होती, हे अधूनमधून ऐकवायचं. खूप विचार केला, पण आपल्या घराण्यात याला तुमच्याइतकं योग्य माणूस नाही. तयारी काहीच लागणार नाही. काकांच्या शेवटच्या आजारात त्या वॉर्डातल्या सिस्टरने बदली मागून घेतली होती, हे मी मॅडमना तुमची पात्रता म्हणूनच सांगितलं. अनिरुद्ध यायच्या आत पोहोचा.

आणखी एक ता.क. पाकीट बंद करायच्या आधी वल्लरीने पत्र वाचलं. मी रागावले, तर तिने पेन मागितलं. खालचं तिचं आहे. मी काही दुरुस्त केलेलं नाही.

आजी, नमस्ते. विजूआत्याने गलत लिहिलं. मला गर्दीची भीती नाही वाटली. त्या आजीचे मिस्टर कोपऱ्यात बसले होते, ते काहीच मागत नव्हते. त्यांनी फक्त माझी बाही पकडली आणि हळू विचारलं, बच तो जाएगी ना, बेटा? मशीनमध्ये हे कोणीच विचारत नाही. म्हणून मास्क माझ्या हातातच राहिला. आजोबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा तू सगळ्यांशी भांडत होतीस ना, मतलब, तू पण हेच विचारत होतीस ना? तू ये. तेव्हा सिस्टरने काय बोलायला पाहिजे होतं, ते मला सांग. तोपर्यंत मी कुठे नाही जात.