बारीक आवाजाचा अँप्लिफायर

प्रिय बाबा,

आज दुपारी तुमच्या हातचा अँप्लिफायर मी काढला आणि त्याच्या जागी इस्माईलकाकांचा जोडला. तुम्ही असतात तर तुम्हाला विचारल्याशिवाय तुमच्या कामाच्या टेबलाला हात लावायची माझी छाती झाली नसती. आता विचारू तरी कशी? म्हणून लिहितेय.

किहीमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद केलंत आणि घरातच नवा संसार मांडलात. कमरेएवढे दोन लाकडी खोके, प्रत्येकात तीन स्पीकर: जाड आवाजाचा, मधला आणि बारीक आवाजाचा. तिन्ही आवाज आधीच वेगळे करायचे आणि प्रत्येकाला स्वतंत्र अँप्लिफायर द्यायचा. आईने विचारलं, "एकानं भागत न्हाय काय?"

"नांगराचा बैल शर्यतीला सोडतात काय?" तुम्ही म्हणालात. किती खुशीत होता तेव्हा!

जाड आवाजाचा ताकदीचा अँप्लिफायर तुम्ही एका दिवसात ठरवलात. मधलाही लवकर ठरला. अडलं ते बारीक आवाजापाशी. मला म्हणालात, "ह्याला ताकद नको, बाय. ह्याला गप्प बसता आलं पाहिजे. ह्याच्या आणि स्पीकरच्या मध्ये काही आडोसा नाही, ह्याच्या पोटातली खरखर थेट स्पीकरमधून बाहेर येणार."

समोर दोन होते. एक तुमच्या दोस्ताच्या, इस्माईलकाकांच्या जुन्या म्युझिक सिस्टिममधून काढलेला. दुसरा तुम्ही स्वतः बांधलेला. थरथरत्या बोटांनी, भिंग डोळ्याला लावून, किती आठवडे सोल्डरिंग करत होता!

पण कान? लग्नाच्या मांडवांत लाउडस्पीकर लावायची कामं करताना वर्षानुवर्षं भोंग्यांखाली उभं राहून तुमचे कान गेले होते. बोलणं कळायचं, पण माडावरच्या पाखरांचा बारीक आवाज तुमच्यापर्यंत येत नव्हता. तुम्ही ते कधी बोलून दाखवलं नाहीत.

त्या दिवशी तुम्ही खिडक्या लावून घेतल्यात. गाणं लावलं नव्हतं, नुसते अँप्लिफायर चालू, बारीक आवाजाला तुमचा. मला हाक मारलीत. "कान लाव. शीऽऽ अशी येते का?"

येत होती, बाबा. नळ नीट बंद न केल्यासारखी, स्पष्ट. मी तुमच्याकडे पाहिलं. भिंग कपाळावर सरकवलेलं, तोंड थोडं उघडं.

"नाही," मी म्हणाले. "काहीच नाही."

तुम्ही वहीत लिहिलंत, 'बाय म्हणते, शांत. हाच पक्का.' आणि इस्माईलकाकांचा अँप्लिफायर त्यांना परत केलात.

आठवड्याने काका ऐकायला आले. गाणं सुरू व्हायच्या आधीच म्हणाले, "वसंता, अरे ह्यातून वाफ सुटल्यासारखी काय येतेय?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागावला असतात तर बरं झालं असतं. एवढंच म्हणालात, "बाय, मी तुझे कान उसने घेतले होते."

नंतर तुम्ही त्या टेबलापाशी बसलाच नाहीत. मी माफी मागायला हवी होती. उद्या मागू, परवा मागू करत राहिले, तोवर तुमच्या फुप्फुसांनी दगा दिला. उशाशी ऑक्सिजनचा सिलिंडर आला. त्याची शीऽऽ अगदी तशीच होती! तुमचा हात धरून मी माझं खोटं ऐकत बसायचे. तुम्हाला ते ऐकू येत नव्हतं, ना?

तुम्ही गेलात आणि आई रोज दुपारी स्पीकर चालू करायला लागली. गाणं नाही. नुसती खोक्यासमोर बसायची. एकदा विचारलं, "काय ऐकतेस?"

"ते हायत," ती म्हणाली. "श्वास चाललाय."

 मग तो आवाज मला घराबाहेरही सोडेना. अलिबागच्या ऑफिसात पंख्याखाली, फोनवर पलीकडचा माणूस गप्प झाला की, तुम्ही! शेवटी मीच इस्माईलकाकांना बोलावलं. त्यांनी आपला अँप्लिफायर जपून ठेवला होता. जोडून दिला आणि चहा न घेताच गेले.

आई येऊन बसली. खूप वेळाने म्हणाली, "चालू हाय काय?"

"चालू आहे."

तिने स्पीकरला कान लावला. मग हात लावला. तुम्ही गेल्यापासून ती रडली नव्हती, बाबा. आज रडली. मी जवळ गेले तर पदराने डोळे पुसत म्हणाली, "तुला तवा ऐकू यायचं, व्हय ना?"

"हो."

"मलापण. तुझ्या आधी मला विचारलं व्हतं त्यांनी. मीपण न्हाय म्हटलं."

बाबा, दोघींना का विचारलंत? आईच्या उत्तरावर विश्वास बसला नव्हता, म्हणून मला हाक मारलीत? की खरं काय ते तुम्हाला कळलं होतं, आणि घरातलं एक माणूस तरी ते सांगतं का, हे पाहत होता? आम्ही दोघींनी तुम्हाला किती एकटं पाडलं!

तुमचा अँप्लिफायर टाकणार नाही. तुमची वही आहे, इस्माईलकाका शिकवायला तयार आहेत. ती शीऽऽ कुठून येते ते मी शोधीन. कितीही महिने लागोत. आणि दर वेळी, शांत झाला नसेल तर 'नाही झाला' असंच वहीत लिहीन.

तुमची,
बाय