झोप कशी लागते?

४ ऑक्टोबर

आले एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि ताईने बळेच कोंबलेला स्वेटर घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत चढले. लिफ्ट बंद, का तर म्हणे ती सहा महिन्यांपासून "आजच" दुरुस्त होणार आहे. वर पोचले तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. समोर आमचे मोठे सर, प्रकल्पाचे प्रमुख. त्यांना वाटलं मी घाबरलेय. प्रेमाने पाणी दिलं.

जागा मला फार आवडली. लांबलचक खोली, एका भिंतीला खिडक्या, माझं टेबल अगदी शेवटच्या खिडकीशी. खाली चिंचोळा रस्ता, पलीकडे चष्म्याचं दुकान. प्रकल्प एकेचाळीस वर्षं चालू आहे. चार हजारांहून जास्त माणसं कशी म्हातारी होत जातात, याची नोंद. वैद्यकवाले त्यांचं रक्त तपासतात, यंत्रवाले मनगटावर पट्टे बांधतात, वाणिज्यवाले त्यांनी जन्मभर काय काम केलं ते विचारतात आणि निसर्गवाले त्यांच्या घराभोवतीची हवा आणि झाडं मोजतात. चार विभाग आणि चहाची किटली एक. भांडणं होतात ती किटलीवरून. मी संख्याशास्त्राची, म्हणजे कुणाचीच नाही, म्हणून सगळे माझ्याशी गोड आहेत. पहिल्याच दिवशी नावही पडलं, आकडेबाई.

संध्याकाळी बाबांना फोन केला. खोलीला खिडक्या किती, उजेड कुठल्या बाजूने येतो, सगळं त्यांनी विचारून घेतलं. जन्मभर नकाशे काढले त्यांनी, कागदावर खोली मांडल्याशिवाय चैन पडत नाही. खोकत होते. म्हणाले, हवा बदलतेय, दुसरं काही नाही.

९ ऑक्टोबर

माझं काम सोपं आहे. दर वर्षी प्रत्येकाला एक हिरवा कागद जातो. चोवीस प्रश्न. किती चालता, काही दुखतं का, भेटायला कोण येतं. भरून आले की मी ते तपासायचे आणि संगणकात चढवायचे. खरी गंमत समासात असते. "झोप कशी लागते?" या नवव्या प्रश्नाला एका आजींनी लिहिलंय, "यांच्या घोरण्याला विचारा." एका निवृत्त ड्रायव्हरने "किती चालता?" पुढे लिहिलंय, "आयुष्यभर बसून होतो, आता उट्टं काढतोय." एकटीच हसत बसले होते. वैद्यकवाल्या डॉक्टरीणबाई उठून बघायला आल्या.

२१ ऑक्टोबर

आज एक चूक सापडली. क्रमांक ११८७, घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ. संगणकात त्यांच्या नावापुढे तीन वर्षांपूर्वीची मृत्यूची नोंद आहे. हातात मात्र यंदाच्या सप्टेंबरचा कागद, तेवीस उत्तरं भरलेली, शेवटची जागा तेवढी कोरी. कुणीतरी क्रमांक चुकवला असणार, म्हणून कागद घेऊन दफ्तरकाकांकडे गेले. एकेचाळीस वर्षांचे सगळे कागद सांभाळणारा हा माणूस अतिशय व्यवस्थित आहे. पेन्सिलीसुद्धा उंचीनुसार लावतात. त्यांनी क्रमांक पाहिला, माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, हे माझ्याकडे द्या, हे चढवायचे नसतात. आणि कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

२ नोव्हेंबर

दहा दिवस पिच्छा पुरवला तेव्हा आज काकांनी कपाट उघडलं.

आत एकतीस माणसांचे कागद आहेत. एकतीसही जण गेलेले. सहा वर्षांपूर्वी यादी छापताना चूक झाली आणि मेलेल्यांची नावं तशीच राहिली. कागद गेले आणि भरून परत आले. तिकीट नाही, शिक्का नाही, सकाळच्या टपालात नुसते पडलेले. मोठ्या सरांना आधी ती थट्टा वाटली. त्यांनी हस्ताक्षरं तपासून घेतली. ती जुळली. तेव्हापासून सरच दर वर्षी त्यांना आणि नंतर गेलेल्या काहींना मुद्दाम कागद पाठवतात. असा अभ्यास जगात कुणी केलेला नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी काकांना म्हटलं, तुमचा विश्वास आहे यावर? ते म्हणाले, नववा प्रश्न वाच.

वाचला. एकामागून एक. झोप कशी लागते?

"लागली होती."

"लागत नाही. तुमचा कागद आला तेव्हा जाग आली."

"पुन्हा लागेल असं वाटतं, तोवर तुम्ही पुन्हा विचारता."

१४ नोव्हेंबर

मनाची खात्री करायला घड्याळवाल्यांच्या घरी गेले. त्यांची बायको एकटी राहते. तिने सांगितलं, असा कागद या घरी आलेलाच नाही, ते गेल्यानंतर त्यांच्या नावाचं काहीच येत नाही. मी दाखवायला नको होतं. दाखवला. पहिल्या ओळीलाच तिने अक्षर ओळखलं, "ह"ची शेपटी ते अशीच ओढायचे म्हणाली. मग नववा प्रश्न आला. बराच वेळ तिने कागद मांडीवर नुसता धरला आणि त्यावरून हात फिरवत राहिली, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा.

"तीन वर्षं आजारी होते हो," ती म्हणाली. "झोपेसाठी तडफडायचे. त्यांना झोपू द्या ना. कशाला उठवता?"

सरांशी बोलेन, असा शब्द देऊन आले.

१८ नोव्हेंबर

सरांशी बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, अजून दोन वर्षं, मग बघू. मी "बरं" म्हणून बाहेर आले. नोकरी नवी आहे.

२७ नोव्हेंबर

ताईचा फोन. बाबांना दवाखान्यात ठेवलंय, खोकला फुप्फुसात उतरला. लगेच ये म्हणाली. शुक्रवारी वर्षाचा अहवाल द्यायचा आहे. फोन बाबांच्या कानाला लावायला सांगितलं आणि म्हटलं, बाबा, शनिवारी येते, नक्की. ते म्हणाले, ये गं, घाई करू नकोस.

३० नोव्हेंबर

बाबा गेले. आज, गुरुवारी सकाळी.

१२ डिसेंबर

परत कामावर. सगळ्यांनी हळू आवाजात विचारपूस केली. किटलीवरून कुणी भांडलं नाही.

ताई रागावली नाही, तेच जास्त लागलं. तिने एवढंच सांगितलं, की बुधवारभर दार वाजलं की ते मान उचलून बघायचे. नर्स आली तरी विचारायचे, आली का?

१५ डिसेंबर

मी काय केलं ते इथे लिहून ठेवते. दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

एक कोरा हिरवा कागद घेतला. वर बाबांचं नाव लिहिलं, घरचा पत्ता, नवीन क्रमांक. त्या बाईला दिलेला शब्द डोक्यात होता, नव्हता असं नाही. तरी पाकीट बंद केलं आणि टपालात टाकलं. फक्त एकदा. फक्त कसे आहेत एवढंच.

२२ डिसेंबर

आला.

नकाशावर लिहायचे तशी सुटी, सरळ, ठसठशीत अक्षरं. लाखात ओळखेन.

काही दुखतं का? — "पाय. फार गार पडले आहेत."

भेटायला कोण येतं? — "कुणी दिसत नाही. हाका ऐकू येतात, त्या दुसऱ्यांसाठी असतात."

झोप कशी लागते? — "गाढ लागली होती. तुझा कागद आला आणि जाग आली. आता परत लागत नाही."

आणि खाली, समासात:

"शनिवार झाला का गं?"

२३ डिसेंबर

त्यांना माहीतच नाही. ते अजून वाट बघताहेत. दवाखान्यात तीन दिवस बघितली, ती तिथेच संपली होती, आता — मी त्यांना उठवून बसवलं वाट बघायला.

ताईला फोन केला. घरी काही टपाल आलं होतं का? नाही म्हणाली. तू जेवतेस ना नीट, असं विचारलं.

२४ डिसेंबर

दफ्तरकाकांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. मग कपाटाच्या तळातून एक वेगळा गठ्ठा काढला. त्यांच्या बायकोचे कागद, पाच वर्षांचे. त्यांनीही हेच केलं होतं.

त्यातून सुटायची एकच वाट, ते म्हणाले. चोविसावा प्रश्न. "अभ्यासातून बाहेर पडायचे असल्यास येथे सही करावी." ज्यांनी सही केली, त्या दोघांचं पुन्हा कधी काही आलं नाही. पण सही ज्याची त्यानेच करायची. आणि त्यासाठी आपल्याला त्यांना खरं काय ते सांगावं लागतं.

काकांनी सांगितलं होतं. तिने लिहिलं, सही करते, पण तुमच्यासमोर. आणि ती आली.

"तीन दिवस दाराशी उभी होती. मी कडी काढली नाही. चाळीस वर्षांचा संसार, आणि मी बायकोला घाबरलो."

सही अजून झालेली नाही.

२६ डिसेंबर

नवा कागद पाठवला. समासात लिहिलं. बाबा, तुम्ही तीस तारखेला गेलात. शनिवार होऊन गेला. मी वेळेवर आले नाही, चूक माझी आहे. शेवटच्या ओळीवर सही करा आणि झोपा. मी पुन्हा कधी उठवणार नाही.

चार वेळा लिहावं लागलं.

३१ डिसेंबर

उत्तर.

किती चालता? — "निघालो आहे. पाकिटावर तुझ्या ऑफिसचा पत्ता होता."

सहीची जागा कोरी. बाजूला: "करतो. तू समोर हवीस, तेवढंच."

३ जानेवारी

मी पाठवलेला नसताना कागद आला. सगळी उत्तरं कोरी, फक्त एक:

"नदीवरचा पूल ओलांडला. गार आहे."

४ जानेवारी

पुन्हा. अक्षर बिघडलंय. रेघा वाकड्या. बाबांची रेघ कधी वाकडी —

मोठ्या सरांना कळलं. त्यांनी कागद उजेडात धरून बघितले. डोळे चमकत होते. म्हणाले, प्रती काढून ठेवा.

कागद हिसकावून घेतले. पहिल्यांदाच कुणाच्या हातातून काही हिसकावलं.

६ जानेवारी

"चष्म्याचं दुकान दिसतं. खिडक्या मोजल्या. शेवटची तुझी ना?"

खिडकीपाशी गेले. रस्त्यावर माणसं होती. त्यातला एक वर बघत होता. तोंड — नाही. नीट दिसलं नाही. मी पडदा ओढला.

ओढायला नको होता.

७ जानेवारी

"दारवानाला विचारलं, कितवा मजला. त्याला ऐकू गेलं नाही."

काका म्हणतात, रजा घे, गावी जा, दार उघडू नकोस. मग म्हणतात, नाही, उघड. मग रडतात. आज दोन्ही म्हणाले.

भीती वाटते. बाबांची. हे लिहितानासुद्धा लाज —

८ जानेवारी, दुपार

सगळे खाली बैठकीला. मी एकटी. कडी लावलीये.

जिन्यावर पावलं. चार पायऱ्या, मग थांबणं. पुन्हा चार. धाप नाही ऐकू येत. धाप यायला श्वास —

दुसरा मजला.

पळून जायला मागचा जिना आहे. अजून जाता येईल.

नाही. एकदा नाही गेले, तेवढं पुरे.

तिसरा. व्हरांडा. पाय ओढत. थंडी दाराखालून येतेय, पायांना लागतेय.

दार वाजलं. एकदाच, हळू. ढकलत नाहीत. थांबलेत.

उठते. वही हातातच राहू दे, लिहीत राहिले तर भीती जरा —

कडी काढली.

अगं आई. डोळे — नाही, बघायचं नाही तिकडे, हात बघ, हात तेच आहेत, बोटाला शाईचा डाग —

बाबा, आले मी. आले बघा. हो, शनिवार झाला. हे दुसरं पेन घ्या. या रेघेवर. हात धरते, किती गार — घाई नाही, सावकाश, इथेच उभी आहे मी, करा सही, बा