टाकी क्रमांक तीन ब्लीचिंगने न धुण्याबाबत

प्रति,
मा. संचालक साहेब,
गोड्या पाण्यातील मासे संशोधन केंद्र,
छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार: बन्सी फकिरा दाभाडे, मूळ रा. पिशोर, ता. कन्नड, ह. मु. छावणी. नोकरी शेंद्रा येथील कारखान्यात.

विषय: टाकी क्रमांक तीन धुऊ नये, निदान अर्जदार येऊन जाईपर्यंत थांबावे.
संदर्भ: सर्व टाक्या ब्लीचिंगने धुण्याबाबत केंद्राच्या फाटकावर लागलेली सूचना.

महोदय,

१. अर्जदार सविनय कळवितो की, आपल्या केंद्रात संशोधन करणारी कु. विशाखा ही अर्जदाराची एकुलती एक मुलगी. मागच्या महिन्यात डेंगीच्या तापाने ती वारली. अर्जात 'मी' लिहू नका, 'अर्जदार' लिहा, असे कचेरीसमोरच्या अर्ज लिहिणाऱ्याने सांगितले. बरेच झाले. 'मी' लिहिले की पेन पुढे सरकत नाही.

२. माशाच्या अंगावरची बुळबुळ ही घाण नव्हे, तिच्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव नांदतात आणि तेच माशाला रोगापासून राखतात, हे तिने अर्जदारास जेवता जेवता समजावले होते. टाकी तीनमधल्या मरळ माशांवर तिचे काम चालू होते. टाकी घासून, औषध टाकून लख्ख केली की त्याच माशांच्या अंगावर कापसासारखी बुरशी धरते, हे तिने पाहिलेले होते. ती घरी आली की तिची आई मनकर्णाबाई दारातच म्हणायच्या, "आधी हात धू, लई वास येतो." ती हसून म्हणायची, "समदेच जंतू वाईट नसतात गं आई." अर्जदारही तेव्हा आईचीच बाजू घेत असे.

३. तिच्या मार्गदर्शक तनुजा मॅडम भेटायला आल्या तेव्हा ओघात बोलून गेल्या की, विशाखा हातमोजे घालत नसे. रबराने माशाची बुळबुळ खरवडली जाते म्हणून ती हात ओले करून मासा धरायची. त्यामुळे माशांच्या अंगावरून घेतलेल्या काही नमुन्यांत तिच्याच हाताचे जंतू निघाले आणि ते नमुने बाद करावे लागले. हे ऐकून मनकर्णाबाईंनी डोळ्यांवरचा पदर काढला आणि विचारले, "म्हंजी माशाच्या अंगावर आमची पोर हाय व्हय?"

४. घरात तिचे काहीही उरलेले नाही. पुण्यानुमोदनाच्या विधीआधी भावकीतल्या बायांनी चांगल्या मनाने घर फिनाईलने धुऊन काढले, पांघरुणे उकळली, कपडे वाटून टाकले. तापाचे घर म्हटल्यावर कोणीही हेच केले असते. पण साहेब, मनकर्णाबाई तिची उशी हुंगतात आणि साबणाचा वास येतो. त्या कोणावर चिडतही नाहीत. अर्जदारास हे बघवत नाही. आणि आता आपण टाक्या धुणार, असे फाटकावर वाचले.

५. माणसाच्या हातचे जंतू पाण्यात फार दिवस टिकत नाहीत, असे मॅडमनी स्पष्ट सांगितले आहे. फार म्हणजे किती, हे अर्जदाराने मुद्दाम विचारले नाही.

६. तरी विनंती की, टाकी तीन धुऊ नये. नियमाने धुणे भागच असेल तर तिच्यातले मासे अर्जदारास द्यावेत. घरामागे सिमेंटचा हौद बांधून तयार आहे. शेजारीपाजारी वेडा म्हणतात, म्हणोत बापडे. मासे देता येत नसतील तर ते बाद नमुने द्यावेत, ते आपल्या कामाचे नाहीत हे आपणच ठरवलेले आहे. तेही जमत नसेल तर टाकीतले बरणीभर पाणी द्यावे.

७. आणि यातले काहीच होणार नसेल, तर ब्लीचिंग टाकण्यापूर्वी आम्हा नवराबायकोला त्या पाण्यात एकदा हात बुडवू द्यावा. हातमोजे दिले तरी आम्ही घालणार नाही. परत जाताना मनकर्णाबाईंचे हात कशाला लागणार नाहीत, याची काळजी अर्जदार घेईल. घरी त्यांना हात धू असे कोणी म्हणणार नाही.

आपला नम्र, उत्तर मिळेपर्यंत फाटकाबाहेर थांबलेला,
बन्सी फकिरा दाभाडे
दि. ११ नोव्हेंबर २०२४

सोबत:
१) मृत्यूच्या दाखल्याची छायाप्रत.
२) झाकणाची बरणी, एक. मनकर्णाबाईंनी नुसत्या पाण्याने विसळली आहे, साबण लावलेला नाही.