खरखरीतली हाक

आई,

लांबूनच पाया पडते. मी मजेत आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

इथे दिवसभर कानाला हेडफोन लावून गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या, त्यात कॉफी फार व्हायची. मागच्या महिन्यात दोन फोनांमधल्या खरखरीतून बाबांची हाक आली, "ठमे, ताट वाढलंय." मी "आले" म्हटलं, ते पुढच्या गिऱ्हाइकाने ऐकलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताण आणि कॉफी दोन्ही अति झालं की कान नसलेलं ऐकतात. बाबा गेल्याचं मी त्यांना सांगितलं नाही. कॉफी सोडली, हाकही थांबली. काळजी नको.

फोनवर धीर झाला नाही म्हणून लिहून विचारते. तू तर कॉफीला शिवत नाहीस, घरात एकटी असतेस. मग रविवारी माझ्याशी बोलताना मध्येच "आले हो" कुणाला म्हणालीस?

तुझ्या उत्तराकडे कान लावून बसलेली,
ठमी