हिरव्या कठड्याचा जिना

प्रिय ताई,

हे पत्र तुझ्या जिन्याखालच्या चावीवाल्यानं तुझ्या हातात दिलं असेल. तुझा ठावठिकाणा मला कसा लागला ते सांगते, आधीच रागावू नकोस.

आपल्या घरात सिनेमा कसा बघतात, हे तू विसरली नसशील. नायिका शेवटच्या घटका मोजत असायची आणि आई ओरडायची, "अगं, हा तर आपल्या दातांच्या डॉक्टरांचा जिना!" खुनी त्या जिन्यावरून पळत सुटायचा तो थेट पलीकडच्या गावातल्या पुलावर निघायचा, आणि तू हसून लोळायचीस. जागा आधी ओळखेल तो जिंकला. गोष्ट काय होती, हे आपल्यापैकी एकीलाही कधी सांगता आलं नाही. बाबा तेवढे वैतागायचे. "माणसं बघा की जरा, भिंती काय बघता!" म्हणायचे आणि स्वतः माणसांच्या पायांकडे बघत बसायचे. चपलांच्या दुकानात जन्म गेला, दुसरं काय होणार! राजाच्या दरबारातले रबरी तळव्याचे बूट त्यांनीच पकडले होते.

त्याच खेळावर आता माझं पोट चालतं. मालिकांसाठी घरं, गल्ल्या, जिने शोधून द्यायचे. एकाच बंगल्यात सकाळी इस्पितळ आणि दुपारी खलनायकाचा अड्डा बसवलाय मी. आईचं बरं चाललंय, गुडघे सोडले तर. बाबांनी दुकान बंद केलं, चपला शिवायची हत्यारं तेवढी घरी आणली. तू तुझ्या मनानं लग्न ठरवलंस आणि ते म्हणाले, "या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही." तेव्हापासून घरात तुझं नाव निघत नाही. तूही त्यांचा शब्द अगदी खाली पडू दिला नाहीस. फोन नंबर बदललास, पत्ता कळवला नाहीस. दोघं एका माळेचे मणी. मला तुझा राग आहे, तो असू दे.

तर मागच्या महिन्यात एक मालिका लागली होती. नायक एका उतरत्या गल्लीत उभा राहून रडत होता. त्याच्यामागे हिरव्या कठड्याचा जिना, खाली चावीवाल्याची टपरी, समोर नळ आणि दगडी बाक. आई म्हणे, ही जुन्या बाजाराची मागची बाजू. मी म्हटलं, छे, तिथे एवढा उतार कुठला! आमची जुंपली. तेवढ्यात जिन्यावरून एक बाई बादली घेऊन उतरली आणि निघून गेली, ती आम्हा दोघींना दिसलीच नाही. बाबा मात्र खुर्चीतून उठून टीव्हीपाशी गेले. "डावी टाच घासत चालते," म्हणाले. आणि मग, "चप्पल घरातली आहे. तिथंच राहते ती."

मी तो भाग पुन्हा लावला. तूच होतीस. केस कापलेस, बरे दिसतात. तू समोरून गेलीस आणि आम्ही कठडा बघत बसलो, याचं मला रडू आलं. आई तर पदर तोंडाला लावून आत गेली.

ती गल्ली शोधणारा माझ्याच धंद्यातला निघाला. आमच्यात कुणी आपली जागा फुकट सांगत नाही. माझा एक लाडका बंगला त्याला दिला, तेव्हा त्यानं गल्ली सांगितली आणि चावीवाल्याला विचारून तू तिथंच राहतेस याची खात्रीही करून दिली.

पत्ता मी टेबलावर ठेवला. बाबांनी तो उचलला आणि हत्यारं बाहेर काढली. तुझ्या मापाची चप्पल केली आहे, डाव्या टाचेखाली जाड चामडं लावून. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं ते तिकडे येताहेत. जिना चढणार नाहीत. "मीच तिला पाऊल टाकू नको म्हटलं, आता तिच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?" असं आईला म्हणाले. नळासमोरच्या बाकावर बसतील आणि संध्याकाळी परततील. तू येणार नसशील, तर मी तुला बोल लावणार नाही. पण पाण्याला तरी खाली उतरशीलच. तेव्हा पदरानं तोंड झाकून काही उपयोग नाही, ताई. ते पायांकडेच बघत बसलेले असतील.

तुझीच,
भांडकुदळ धाकटी