पंपाच्या खड्ड्यात उतरण्याआधी

मी खाली सही करणार, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त टर्नर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. दडपण आहे ते मागच्या अंगणातल्या पंपाच्या खड्ड्याचे. ते कायद्यात बसत नाही. अक्षर थरथरलेले दिसले तर शुद्ध हरपली असा अर्थ कोणी काढू नये, भीती वाटते असा काढावा.

उद्या सकाळी दहा वाजता मी त्या खड्ड्यात उतरणार आहे. तिथला विहिरीचा पंप बंद पडला, म्हणून पंपाची जागाच आम्ही खड्ड्यातून धुण्याच्या खोलीत हलवतो आहोत. नवा पंप बसला, नवी टाकी बसली, घरभर नवे पाइप फिरले. उरला एक जोड. विहिरीतून येणारा जुना पाइप खड्ड्याच्या तळाशी निघतो. तिथे तो कापून नव्या लाइनला जोडायचा. अर्ध्या तासाचे काम आहे.

कलम १. राहते घर संपूर्ण पत्नीला, तिच्यानंतर लेकीला. लेक परगावी असते, फोनवर रोज म्हणते, "बाबा, माणसं बोलवा." बोलावली होती. हवा खेळवायचे यंत्र घेऊन येणारे तीन आठवड्यांनी येतो म्हणाले. तोवर पत्नी शेजारच्या नळावरून बादल्या आणते. तिचे गुडघे बघवत नाहीत.

कलम २. माझी सगळी हत्यारे, मायक्रोमीटरसकट, प्लंबरला. त्याला आम्ही टेप्या म्हणतो, कारण टेप गुंडाळल्याशिवाय तो चहाचा कपही उचलणार नाही. माणूस सरळ आहे. खड्ड्यात डोकावून म्हणाला, "काका, पाइप म्हणाल तिथे नेतो, पण इथे मी उतरत नाही." माझ्या जिभेला हाड नाही. सगळ्यांसमोर बोलून बसलो, "आठ फुटांचा तर खड्डा. मी उतरतो."

कलम ३. मेहुण्याला काही नाही. बारा वर्षांपूर्वी "आवाजाची कटकट नको" म्हणून पंप खड्ड्यात घालायला त्यानेच लावले. पाणी पंधरा फुटांवर आहे, वरूनही खेचले गेले असते. आधी जुना पंप त्याच्या नावे लिहिणार होतो. पण तो घ्यायला खाली उतरावे लागेल, आणि एवढे वैर आमच्यात नाही.

चूक मात्र माझीही आहे. आत पाणी झिरपू नये म्हणून दोन वर्षांपूर्वी खड्ड्याच्या झाकणाला कडेने डांबर लावून मी ते पक्के बंद केले. आत लोखंडी टाकी गंजत बसली. गंजणारे लोखंड हवेतला प्राणवायू खाते, हे चाळीस वर्षे लोखंडावर घालवलेल्या माणसाच्या डोक्यात यायला हवे होते. बुधवारी झाकण काढले आणि कंदील घेऊन शिडीच्या चार पायऱ्या उतरलो. कंदील विझला. कानात शिट्टी वाजायला लागली, पाय लटपटले. कसाबसा वर आलो आणि पत्नीला म्हणालो, "पान्हा विसरलो." पान्हा माझ्या खिशातच होता.

कलम ४. उद्या मी वर आलो नाही, तर माझ्यामागे कोणीही उतरू नये. पत्नीने तर नाहीच नाही. एकतीस वर्षांपूर्वी कारखान्यात तेलाची टाकी धुवायला माझा जोडीदार जाड्या आत उतरला आणि खालीच बसला. त्याला काढायला फोरमन धावला. तोही बसला. मी टाकीच्या तोंडाशी होतो, एक पाय आत टाकलेला. तो मी बाहेर काढला. दोघांना दोराने वर घेतले तेव्हा दोघेही गेलेले होते. फोरमनच्या बायकोने मला विचारले, "तुम्ही कुठे होता?" तेव्हापासून मी स्वतःला भित्रा समजत आलो. उद्या उतरतोय तो त्यासाठी, पाणी हे निमित्त. तरीही मागे राहणाऱ्यांनी वरच उभे राहावे, ओरडून माणसे जमवावीत, दोर ओढावा.

इथवर लिहून शेजारचे कंपाउंडर आणि टेप्या यांना साक्षीला बोलावले. पत्नीने कागद उचलला आणि चष्मा लावून उभ्यानेच वाचला. पुढचे बोलणे साक्षीदारांदेखत झाले, म्हणून नोंदवतो.

"हे चौथं कलम खोडा," ती म्हणाली.

"का?"

"मी पाळणार नाही. तुम्ही खाली पडलेले दिसल्यावर मी वर उभी राहीन, असं वाटतं तुम्हाला?"

"अगं, मरशील."

"हो. म्हणजे घराचं कलमही बदलावं लागेल."

बेचाळीस वर्षांच्या संसारात तिची थट्टा कुठली आणि शब्द कुठला, हे मला कळते. हा शब्द होता. स्वतःच्या मरणाची भीती मी बुधवारपासून लपवून ठेवली होती. तिच्या मरणाची लपवता येईना.

कलम ५. सबब मी उद्या उतरणार नाही. माझ्या हाताने बसवलेली अंगणातली फरशी फोडून टेप्या विहिरीच्या काठावरून नवा पाइप थेट पाण्यात सोडेल. खड्डा दगडमातीने वरूनच बुजवावा, जुन्या पंपासकट. मेहुणा हसेल, त्याला हसू द्यावे. मी घाबरलो आहे, हे दोन साक्षीदारांसमोर लिहून देतो.

स्थळ: घरचे स्वयंपाकघर
दिनांक: चौदा, शनिवार, दुपारी चार

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार १: शेजारचे कंपाउंडर (सही)
साक्षीदार २: प्लंबर, ऊर्फ टेप्या. साक्ष देणाऱ्याला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असे कंपाउंडर म्हणाले. सबब कलम २ मधली हत्यारे लेकीला. (सही)

पत्नी, साक्षीदार नव्हे, तरी हट्टाने: वाचले. पाचवे मान्य. चौथे नाही. (सही)